पाचव्या घरावरचं बटण

डोंबिवली (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

कॉन्स्टन्स,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण नऊ वर्षांत सवय मोडली. देव तुला बरं ठेवो, एवढं मनापासून म्हणते. बाकी कामाचं.

जेरोम दर मंगळवारी आणि शनिवारी तुझ्याकडे कोपरीला येतात. पपांच्या गिटारचं माप घ्यायला, असं मला सांगतात. मी म्हणते, गिटार आहे ती, काकडीचा वेल नाही. आठ वेळा मोजून झाली. आणखी किती वाढणार आहे?

तुला वाटेल, थोरली बहीण असून बाय संशय घेते. संशय नाही, नोंद आहे. माझी दुधा-वाण्याची वही असते ना, तिच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते : किती वाजता गेले, किती वाजता आले, आल्यावर जेवले की ‘पोट भरलंय’ म्हणाले. आठांपैकी सहा वेळा पोट भरलेलं.

रिटायर झालेला माणूस भाजी निवडतो, सकाळच्या मिस्सेला जातो, फार तर टीव्हीवर शेअर बाजार बघतो. यांनी पार्सलं मागवली. ॲल्युमिनियमच्या दांड्या, चार मोटरी, पट्टे, वायरींची ही एवढी गुंतवळ. मशीन बांधतोय म्हणाले, कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कापणारं. त्याच्यावर गिटार करायची. चाळीस वर्षं वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये लोखंड कापलं, आता लाकडाला हात लावून बघायचाय. आणि मांडलं कुठं? पपांच्या खोलीत. पपांचा पलंग होता, बरोबर त्याच जागी. त्या पलंगाशेजारी मी चार वर्षं बसले. तुला आठवत नसेल, तुझी क्वायरची प्रॅक्टिस असायची.

तीन आठवडे नुसता सांगाडा काटकोनात बसवणं चाललं. टेपचं एक टोक माझ्या हातात. ‘आयव्ही, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आता दुसरी तिरपी.’ दोन्ही तिरप्या सारख्या आल्या नाहीत की सगळे स्क्रू ढिले, पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या मिलिमीटरसाठी! मी म्हटलं, ‘लग्नात माझ्या गाऊनची एक बाही लांब होती, ती नाही दिसली तुम्हांला?’ तर म्हणाले, ‘तेव्हा चष्मा नव्हता.’

पहिल्यांदा चालू केलं तर उजवीकडे सांगितलं की डावीकडे जायचं. मोटरीच्या वायरी उलट लागलेल्या. धाडकन जाऊन खांबावर आपटलं. जेरोम काय म्हणाले ठाऊक आहे? ‘हळू गं पोरी, लागलं का?’ माझा गुडघा दीड वर्ष दुखतोय, कॉन्स्टन्स. त्याला कुणी ‘पोरी’ म्हटलं नाही. काम संपलं की त्या पोरीच्या अंगावर माझी जयपुरी चादर घालतात, धूळ बसू नये म्हणून.

शेजारची निशा विचारत होती, ‘काकू, काकांनी पिठाची गिरणी टाकली काय? आमचे गहू पाठवू?’ मी हसले. घरी येऊन दार लावलं आणि मग हसायचं थांबले.

उत्तर दे. मोजणी कधी संपणार, एवढंच सांग.

आयव्ही


९ फेब्रुवारी २०२५

कॉन्स्टन्स,

पत्राला उत्तर पत्रानं देतात. तू जेरोमच्या फोनमध्ये बोलून पाठवलंस, ‘बायला सांगा, लवकरच होईल.’ तुझा आवाज मी नऊ वर्षांनी ऐकला तो माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून. तस्साच आहे. साधं बोलतेस तेही गायल्यासारखं. माझी पोळी करपली.

चाळीस वर्षं हे माझ्या शेजारी बसून मिस्सा ऐकतात. मी गायला लागले की हळूच दोन बोटं कानाशी नेतात, चष्मा सारखा केल्यासारखं दाखवून. मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

तुझी बरणी धुऊन, उन्हात वाळवून परत पाठवते आहे. कोलंबीचं लोणचं जेरोमनी संपवलं. मी चाखलं नाही.

आता खरं बोलू. परवा पपांच्या खोलीत झाडू मारत होते. मशीन टेबलावर पेन लावून कागदावर गिटारची आकृती काढत होतं. कटर लावायच्या आधी अशी रेघ काढून बघतात म्हणे, म्हणजे लाकूड फुकट जात नाही. ती पद्धत मला पटली. गोल बरोबर गोल आला, अंड्यासारखा नाही आला. मीसुद्धा बघत उभी राहिले. मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडे लक्ष गेलं. फायलीचं नाव इंग्रजीत होतं : कॉनी, आणि पुढे तीनचा आकडा. मी मॅट्रिक आहे. कॉनी वाचता येतं मला. एक आणि दोनही झाल्या असणार.

मी विचारलं, ‘ही गिटार कुणासाठी?’

‘कॉनीसाठी. ईस्टरनंतर तिचा लेक ओवेन तिला ऑस्ट्रेलियाला नेतोय ना, कायमची. घर रिडेव्हलपमेंटला जातंय. तुला माहीत नाही?’

कसं माहीत असणार! माझी सख्खी बहीण देश सोडून चालली, आणि ते मला माझ्या नवऱ्यानं सांगायचं, स्क्रू आवळता आवळता.

तुझा नेविल गेला तेव्हा मी यायला हवं होतं. आले नाही. ते माझ्या खात्यावर. पण नऊ वर्षांपूर्वी, पपा गेल्यावरच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, जेवणाच्या पानावर मी जे बोलले, ते आजही बोलेन : जिनं बेडपॅन धरलं तिला काही नाही, जिनं टाळ्या घेतल्या तिला गिटार. पपांनी मला एक सूर शिकवला नाही. संध्याकाळी ओट्यावर त्यांच्या मांडीवर गिटार असायची आणि गिटारच्या कुशीत तू. मी आत आईबरोबर भात उपसायचे. आतून सगळं ऐकू यायचं.

आता तुझ्याकडे पपांची एक आहे, तर दुसरी कशाला हवी? एक वाजवायला आणि एक मिरवायला?

मशीनबद्दल एक शिकले, ते सांगते, कारण इथं सांगायला दुसरं कुणी नाही. फळी चार पकडींनी घट्ट आवळतात. मग कटर खाली आणत आणत त्याच्याखाली कागदाची चिठोरी सरकवतात. चिठोरी अडली की तिथं शून्य, तिथून खोली मोजायची. कॅलेंडरची जुनी पानं मीच कापून देते. शून्य लागल्यावर फळीला कुणी हात लावायचा नाही. जेरोम म्हणतात, ‘आता हिच्याखाली केस जरी गेला, तरी मशीनला कळणार नाही. ती आंधळी आहे, सांगितलं तेवढंच कापते.’

आंधळं असणं बरं.

आयव्ही


५ मार्च २०२५
राखेचा बुधवार

कॉन्स्टन्स,

कपाळावरची राख अजून पुसलेली नाही, तशीच लिहायला बसले आहे.

काल एक अपघात झाला. काळी पट्टी फुटली. गिटारच्या मानेवर असते ती, जिच्यावर बोटं दाबतात. मशीनवर पालथी घालून जेरोम तिच्या पाठीचा जुना गोंद खरवडून काढत होते. कटर अर्ध्यावर गेला आणि कडकन आवाज आला. मी स्वयंपाकघरातून धावले. फळीचे दोन तुकडे. खाली काहीतरी राहिलं असेल. किंवा पकड सैल झाली असेल. मशीन घरी बांधलेलं, असं व्हायचंच. जेरोम मला फक्त एवढंच म्हणाले, ‘माझी चूक झाली.’ तुलाही त्यांनी तेच सांगितलं असेल.

मी तुकडे उचलले आणि सुलटे केले. तोवर मला वाटत होतं, हे नवीन लाकूड. जेरोमनी मग सांगितलं. पपांची गिटार गेल्या पावसाळ्यात तुझ्या माळ्यावरच्या गळतीत भिजून फुगली, सांधे उकलले, पाठ सुटली. एक ही शिसवी पट्टी तेवढी शाबूत राहिली. म्हणून तू त्यांना बोलावलंस. ते मोजत नव्हते. भिजून फुगलेली गिटार थोडी थोडी उघडत होते. नवी गिटार या पट्टीसाठी करायची होती.

हे मला आधी का नाही सांगितलंत? जेरोम म्हणतात, ‘कॉनी म्हणाली, बायला कळलं तर म्हणेल, दिलेली वस्तू सांभाळता आली नाही.’ म्हटलंच असतं मी.

एक विचारते. पट्टीवर आडव्या खाचांनी घरं पाडलेली, त्यांत खुणेचे सफेद ठिपके आहेत. सगळे सारखे, फक्त पाचव्या घरावरचा वेगळा. तो ठिपका नाही, शिंपल्याचं बटण आहे. चार भोकांचं, भोकांत काळी लाख भरलेली. पट्टी नेमकी त्याच्या पुढच्या खाचेवर मोडली.

ते कुणाचं बटण, तुला ठाऊक आहे का?

आज उपास आहे. जेरोमही जेवले नाहीत. मशीनवर चादर घातली नाही त्यांनी.

आयव्ही


२० मार्च २०२५

प्रिय कॉनी,

तुझा निरोप आठवडाभर फोनमध्ये पडून होता. जेरोमनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बाल्कनीत गेले. पाच वेळा ऐकला. वहीत उतरून ठेवलाय, शब्दाला शब्द. तुझंच तुला वाचून दाखवते :

‘बाय, एवढं नाटक कशाला? तुझ्या फर्स्ट कम्युनियनच्या फ्रॉकचं बटण ते. लग्नाच्या मांडवात वाजवायला जायचं होतं आणि पपांच्या गिटारचा ठिपका पडला. दाराआड तुझा फ्रॉक टांगलेला. पपांनी कापलं आणि बसवलं. पुढे तो फ्रॉक मला आला, छातीवर सेफ्टी पिन लावून. माझ्या फोटोत बघ, आल्बममध्ये, पिन चमकतेय! वाजवायच्या आधी पपा पाचव्या घरावर बोट ठेवून तारा जुळवायचे. दर वेळी म्हणायचे, थांब, आधी आयव्हीला विचारतो. मग दुसरी तार, पुन्हा आयव्हीला विचारतो. दर वेळी, बाय! वाजवणार मी आणि विचारायचं तुला. लहान होते, एकदा सुरीनं ते बटण उकरायला गेले तर त्यांनी मला पहिल्यांदा मारलं. आणि तू म्हणतेस तुला काही मिळालं नाही.’

त्या बटणासाठी आईनं मला चोप दिला होता, कॉनी. नवा फ्रॉक, आठ दिवसांत बटण हरवलं म्हणून. पपा ओट्यावर बसून ऐकत होते. बोलले नाहीत. आईला भ्यायचे ते, तुला माहीतच आहे. मी पन्नास वर्षं समजत होते की बटण तू घेतलंस.

आता माझं ऐक.

काल संत जोसेफचा सण होता. सुतारांचा संत. देवळात गेले, त्याच्या पुतळ्यापुढे मान वर करता आली नाही. पट्टी मशीननं नाही फोडली. मी फोडली.

त्या दिवशी जेरोमनी शून्य लावलं आणि खाली गॅसवाला आला म्हणून गेले. मी खोलीत गेले. एका बाजूची पकड सैल केली. माझ्या गळ्यातलं संत जोसेफचं पदक काढून फळीखाली सरकवलं. पकड पुन्हा आवळली. तीन महिने टेप धरून धरून तेवढं आलं होतं मला. वर फळीवर कटरची जागा तशीच, बघून काही कळलं नसतं. खाली एका बाजूला पोकळी, दाब आला की फळी मोडावी अशी.

मी स्वतःला सांगितलं, आशीर्वाद म्हणून ठेवतेय. क्रूसाची खूणही केली. आणि प्रार्थना काय केली? ‘जोसेफबाबा, तू सुतार आहेस, तुला कळेल ते कर.’ म्हणजे माझ्या मनातलं पाप मी त्याच्या हातात दिलं आणि आपण पोळ्या लाटायला गेले. केससुद्धा चालत नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ठेवलं. ती फळी तुझी होती, फाईल तुझ्या नावाची होती, जेरोम मंगळवार-शनिवार तुझ्याकडे हसून येत होते. तुला ती मिळू नये, एवढंच मला हवं होतं. पपांची आहे हे ठाऊक असतं तर केलं नसतं. असं मी म्हणते. पण कॉनी, ठाऊक असतं तर कदाचित जास्त घट्ट आवळलं असतं.

राखेच्या बुधवारी कन्फेशनला गेले. फादरना म्हटलं, ‘नवऱ्याच्या मशीनखाली मी संत जोसेफचं पदक ठेवलं आणि काम बिघडलं.’ फादर हसले. म्हणाले, ‘बाई, ही भक्ती झाली, पाप कसलं?’ मी तशीच उठून आले. देवापुढेही अर्धंच सांगणारी बाई मी. तुझ्यापुढे पूर्ण सांगते.

जेरोमना पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पदकावर कटरचा चरा आहे, संत जोसेफच्या खांद्यापासून कमरेपर्यंत. त्यांनी ते पुसून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं. मला सापडलं तेव्हा मी विचारलं, ‘का झाकलंत? कॉनीला का सांगितलं नाही?’

म्हणाले, ‘टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढली, आयव्ही. कुणी मशीनखाली काय ठेवलं, हे विचारायचं नसतं. का ठेवलं, ते विचारायचं. आणि ते मला माहीत होतं.’

मग मीही विचारलं, जे तीन महिने वहीत लिहीत होते. ‘तिथं तुम्हांला एवढं काय आहे?’

लपवलं नाही त्यांनी. ‘तिथं बरं वाटतं. कॉनी काम करता करता गुणगुणते. किती वाजता आलात, कुणी विचारत नाही.’

हे मी तुला का लिहिलं? कारण ते खरं आहे, आणि मला झोंबलं. अजून झोंबतंय. वहीचं शेवटचं पान मी फाडलंय. चिठोऱ्या केल्या त्याच्या, शून्य लावायला.

तू काय बोलायचं ते बोल. पण जेरोमच्या फोनमध्ये नको. माझा नंबर खाली लिहिते. नऊ वर्षांत बदललेला नाही.

तुझी
बाय


१९ एप्रिल २०२५
ईस्टरचा आदला दिवस

प्रिय कॉनी,

तुझ्या फोनवर त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, म्हणून लिहिते. ‘बाय, संत जोसेफला तरी सोडायचं होतंस!’ म्हणालीस आणि हसत सुटलीस. नंतर हसत होतीस की आणखी काही, ते फोनमध्ये नीट कळलं नाही. मग रागावलीस. रागावलीस ते बरं झालं. नुसतं हसून सोडलं असतंस तर मला रोज वाटलं असतं, शिल्लक आहे अजून.

गिटार झाली. जुनी पट्टी जेरोमनी चिकटवून पाहिली, पण म्हणाले, दिसायला जोडली जाईल, तारांचा ताण सोसणार नाही. म्हणून मानेवर नवी शिसवी पट्टी घातली. पोटासाठी फणसाचं लाकूड मिळालं, पिवळं धमक आहे. भुसा मी साठवून ठेवलाय, नाताळात गोठ्याच्या देखाव्याला होईल.

तू म्हणालीस, ‘बटण तुझं आहे, तू ठेव.’ दोन दिवस ठेवलं. टेबलाच्या खणात, मग उशाशी, मग पदकाबरोबर डबीत. बरं वाटेना. जिथं कुणी वाजवत नाही, त्या घरात ते बटण म्हणजे नुसतं बटण.

मग गुड फ्रायडेच्या आधीच्या सोमवारी जेरोम म्हणाले, ‘ये, खुणेची भोकं पाडायची आहेत. आज शून्य तू लाव.’ फळीखालून दोनदा हात फिरवून बघितला. जेरोम बाजूला उभे, मागे हात बांधून. कटर मी केसाकेसानं खाली आणला. चिठोरी सरकत होती, सरकत होती, आणि मग अडली. चिठोरीवर माझ्याच अक्षरात ‘पोट भरलंय’ लिहिलेलं होतं. जेरोमनी वाचलं. मी वाचलं. ते हसू दाबायला चष्मा सारखा करायला लागले.

‘पोरी’ म्हणाले मग. मशीनला की मला, मी विचारलं नाही.

पाचव्या घरावरचं भोक बटणाच्या मापाचं पाडलं. गोल अगदी गोल आला. बटण मी स्वतः बसवलं, अंगठ्यानं दाबून धरलं गोंद धरेपर्यंत. बाकीचे ठिपके जेरोमनी घातले. जुन्या पट्टीचा अर्धा तुकडा, रिकाम्या भोकाचा, मी ठेवून घेतलाय. दुसरा अर्धा तुझा.

आता तिथं ऑस्ट्रेलियात रोज वाजवायच्या आधी तुला मला विचारावं लागेल. तुझी बोटं हल्ली आखडतात, असं जेरोम म्हणाले. हे त्यांना माहीत आणि मला नाही, याचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही. वाजवता आलं नाही तरी तारा जुळवत जा. तेवढं बोट चालवायला डॉक्टर काय म्हणतो, ते सांग.

परवा, ईस्टरच्या सोमवारी, मी येते. जेरोम नाही येणार, मी एकटी. गिटार मीच आणणार. ती धरतात कशी, मला ठाऊक नाही. जेरोम म्हणाले, मान वर ठेव आणि पोट मांडीवर घे. काल खोलीत घेऊन बसले होते थोडा वेळ, पपांचा पलंग होता तिथं. केवढी हलकी असते गं! मला वाटायचं, जड असेल.

लोणचं असेल तर थोडं ठेव. मीठ जास्त असणारच, पण चाखल्याशिवाय बोलणार नाही.

आणि एक. दार उघडून रडायला लागू नकोस. रडायचं असेल तर मी यायच्या आधी रडून घे. नव्या लाकडाला ओल चालत नाही, जेरोमनी बजावून सांगितलंय.

तुझी
बाय